आता कुठवर आली?

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा दुपारचं जेवण उरकून मी ओटा पुसत होते. "सुमनताई, दुकानात या की जरा," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मी काही विचारलं नाही. रिक्षानं सात रस्त्यावर उतरले, गल्लीत वळले, आणि शटर अर्धं खाली ओढलेलं दिसलं तेव्हा कळलं... आतल्या अंधाऱ्या खोलीत, लाकडी स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून मिलिंददादा बसले होते. हात मांडीवर होते. एखाद्याला वाटलं असतं, टाकीतली फिल्म तयार व्हायची वाट बघतायत. डॉक्टर येऊन गेले होते. वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, शेजारी चहाचा कप तसाच भरलेला. म्हणाल्या, "बोललेच न्हाईत ओ. मला वाटलं, काम चाललंय."

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाची सभाही होऊन गेली. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मिलिंद गायकवाड हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पण एके काळी सोलापूरच्या चादरी-टॉवेलांच्या कॅटलॉगमधले रंग, डॉक्टरांच्या परिषदेत पडद्यावर दिसणारी फुफ्फुसं आणि जखमा, थिएटरात इंटर्वलला लागणाऱ्या सोनाराच्या आणि साडीवाल्याच्या जाहिराती, यांतलं बरंचसं त्यांच्या टाक्यांतून बाहेर पडलेलं असायचं. ते स्लाइडची फिल्म धुवायचे. स्लाइड म्हणजे कागदावर न छापलेला, फिल्मवरच सरळ रंगात उमटलेला फोटो. उजेडासमोर धरून बघायचा. साधे रंगीत फोटो धुणारे गावात पुष्कळ होते. स्लाइड धुणारे हे एकटे. आणि पुढे जेव्हा मोबाइलवर फोटो यायला लागले, बाकीच्यांनी झेरॉक्सची, रिचार्जची दुकानं टाकली, तेव्हाही हे एकटेच राहिले.

मी मूळची कराडची. इथल्या एका दवाखान्यात एक्सरे काढायच्या कामाला लागले आणि सोलापूरची झाले. तेव्हा एक्सरेची फिल्मही हातानं धुवावी लागे. एकदा आमचा हायपो, म्हणजे फिल्म पक्की करायचं रसायन, संपला आणि पेशंट खोळंबले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, गायकवाडांकडे बघा. मी गेले. काउंटरवर कुणी नव्हतं. आतून आवाज आला, "थांबा. दार उघडू नका." मी थांबले. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि उंच, शिडशिडीत माणूस हात पुसत बाहेर आला. हायपोचा डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "तुमची खोली चांगली की ओ ताई, तुमाला लाल दिवा तरी असतो. आमच्यात तो पण चालत न्हाय." तेव्हापासूनची ओळख. पुढे त्यांच्या बायकोशी, शोभावहिनींशी मैत्री झाली, आणि मग ते दोघं माझं इथलं घरच झाले.

त्या खोलीत मी अनेकदा उभी राहिले आहे. फिल्म टाकीत घालेपर्यंत मिट्ट काळोख. आमच्या लाल दिव्याच्या खोलीत निदान आपले हात दिसत. इथं डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळायचं नाही. फक्त आंबूस, तिखट वास आणि दादांच्या श्वासाचा आवाज. झाकण लागलं की दिवा लावून ते एकेक द्रावण ओतायला घेत. त्यांना ते 'पाणी' म्हणत. पहिलं पाणी, दुसरं पाणी... "तुमचा एक्सरे दोन पाण्यात होतो," ते म्हणायचे. "हिला सहा-सात लागतात." एकदा मी विचारलं की इतकी पाणी कशाला. त्यांनी जे सांगितलं ते अजून माझ्या कानात आहे.

"पहिल्या पाण्यात उजेड लागलेलं तेवढं काळं पडतं. पांढरा सदरा काळा, काळे केस पांढरे. उलटा माणूस तयार होतो. तो झाकणाच्या आत असतो, त्याला कुणीच बघत न्हाय. मग दुसरं पाणी. त्यानं उरलेलं सगळं जागं होतं. तिसऱ्यात रंग धरतो. आणि त्याच्या पुढच्या पाण्यांत तो पहिला उलटा माणूस सगळा सुटून जातो. मोरीत. आपल्या हातात राहतं ते त्यानं सोडलेल्या जागेत तयार झालेलं."

"मोरीत जातो?"

"मग. निम्मं सोलापूर गेलंय की हितनं." ते हसत होते. मी मात्र त्या कोपऱ्यातल्या मोरीकडं बघितलं, आणि त्यानंतर त्या खोलीत गेले की तिच्यापासून जरा लांबच उभी राहायचे.

धंदा संपला तरी हे दुकान का चालू ठेवतात, असं मी वहिनींना विचारलं तेव्हा त्यांनी मला सुजाताबद्दल सांगितलं. सुजाता दादांची धाकटी बहीण. डी.एड. झालेली, नोकरी बघत होती. घर तेव्हा बुधवार पेठेत, वडील गिरणीत. एका दुपारी 'मैत्रिणीकडं जाऊन येते' म्हणून ती निघाली. दुकानावरून जाताना काचेवर टकटक करून तिनं दादाला हात केला. दादांच्या हातात ओली फिल्म होती, त्यांनी मानेनंच 'जा' म्हटलं. त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही. घरात भांडण झालेलं नव्हतं. लग्नाची बोलणीही नव्हती. मैत्रिणीकडे ती पोचलीच नव्हती. पोलिसांत दिलं, नातेवाइकांत शोधलं, कुणी गुलबर्ग्याला बघितली म्हणालं तर दादा गुलबर्ग्याला जाऊन आले. दुकानाच्या काचेवर तिचा फोटो चिकटवला, खाली 'हरवली आहे' म्हणून लिहिलं. मी सोलापुरात आले तोवर तो फोटो उन्हानं इतका उडाला होता की केसांचा गडद आकार आणि पदराचा काठ तेवढा उरला होता. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. दुसरा का लावत नाही, असं मी एकदा विचारलं. दादा म्हणाले, "एवढा एकच होता." लोकांचे फोटो धुण्यात दिवस गेलेल्या माणसाजवळ बहिणीचा एकच फोटो होता.

पुढे घर लांब, जुळे सोलापूर भागात गेलं, आई-वडील गेले. दुकान हललं नाही. "तिला घर म्हाईत न्हाय आता. हे म्हाईत हाय," दादा म्हणायचे. तीसेक वर्षं ते तसं म्हणत आले होते.

काचबिंदूनं त्यांचे डोळे हळूहळू गेले. आधी कडा गेल्या, मग मधलं. मला वाटलं, आता तरी शटर पडेल. पण ते आतल्या खोलीत पूर्वीसारखेच वावरत राहिले. फिल्म रिळावर चढवायची, टाकी हलवायची, वासावरून बाटली ओळखायची, हे सगळं हातांना येत होतं. "हितं सगळेच आंधळे असतात ताई. मी आता बाहेर पण असतो, एवढंच." तोवर एक नवल झालं होतं. पुण्या-बंगळूरची तरुण पोरं जुने कॅमेरे घेऊन पुन्हा फिल्म वापरू लागली होती, आणि कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटात सापडलेले, कधीच न धुतलेले रोल कुरिअरनं दुकानात यायला लागले होते. मी निवृत्त झाले होते. दुपारी जाऊन पाण्यातला थर्मामीटर वाचून द्यायचे आणि फिल्म वाळली की उजेडाच्या पेटीवर ठेवून त्यांना सांगायचे, काय आलंय. बारसं, घाटातली बस, कुणाची तरी अंबाडा घातलेली आजी. ती माणसं बहुतेक गेलेली असत. दादा ऐकत, मान हलवत. कधी म्हणत, "हसतीय का?" मी म्हणायचे, हसतेय. "मग ठीक."

मागच्या दिवाळीनंतर मृणाल आली. पुण्यात नोकरी करणारी, पस्तिशीची, शांत मुलगी. वडील नुकतेच गेले होते. श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीतलं त्यांचं घर आवरताना कपाटात कॅमेरा सापडला, आत रोल तसाच. "बाबांना फोटोंचं फार वेड होतं," ती म्हणाली. "पण मी लहान असताना एकदम सोडून दिलं. कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच. आईनं विचारलं तर उठून जायचे." तिनं वडिलांचं नाव सांगितलं. दादांनी मान वर केली. "स्कूटरवरनं यायचे. बोलायचे लई कमी. माझ्याकडंच धुवायचे सगळं."

रोल जुना, कपाटातल्या उकाड्यात पडून राहिलेला. काही येईल याची खात्री नाही, असं दादांनी तिला सांगितलं. पुढच्या आठवड्यात एका दुपारी तो धुतला. मी शेजारी होते. शेवटच्या पाण्यातून फिल्म बाहेर काढून दोरीला लावली तेव्हा ती दुधाळ, मळकट दिसत होती. स्लाइड ओली असताना तशीच दिसते, रंग वाळल्यावर उघडतात. आम्ही चहा घेतला. मग मी ती पेटीवर पसरली. सगळ्यावर गुलाबी झाक आली होती, पण चित्रं होती. उसाच्या बैलगाड्या. कारखान्याचं धुराडं. वसाहतीतल्या पोरी दोरीच्या उड्या मारताना. त्यांतली एक मृणाल असावी. आणि मग नदी.

"नदीकाठ आहे," मी सांगू लागले. "उतारावरून पायवाट खाली येते. लांब एक बाई चालत येतेय. पुढच्या फोटोत तीच, बाभळीपर्यंत आलीय. पुढच्यात आणखी जवळ. हे सगळे एकाच जागेवरून काढलेत, एकामागून एक."

"साडी?"

"रंग उडालाय. पिवळी असेल, नाहीतर आंबा रंगाची."

मी पुढच्या चौकटीवर भिंग ठेवलं. तेवढ्यात दादा अगदी हळू म्हणाले, "डाव्या हातात चप्पल धरलीय का?"

मी बघितलं. बाई अनवाणी होती. डाव्या हातात, पट्ट्यांत बोटं अडकवून, चपलांचा जोड. माझा श्वास त्यांना ऐकू गेला असणार. "चिखल असला की तशीच चालायची," ते म्हणाले.

मी म्हटलं, बायका चालतातच तशा. ते म्हणाले, "शोभाला बोलवा."

वहिनी सुजाताच्याच गल्लीत वाढलेल्या. लग्नाआधीपासून तिला ओळखत होत्या. त्या आल्या, पदरानं भिंग पुसलं आणि वाकून बघत राहिल्या. एका चौकटीत बाई इतकी जवळ आली होती की चेहरा स्पष्ट होता. ती सरळ कॅमेऱ्याकडं बघत होती. रडत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटल्यावर आपण थांबतो, तशी थांबली होती. वहिनींनी भिंग खाली ठेवलं. "तीच हाय," त्या म्हणाल्या.

"म्होरं काय हाय?" दादांनी विचारलं.

पुढची चौकट मी आधीच बघितली होती. तोच काठ, तीच पायवाट, तेच पाणी. बाई कुठंच नव्हती. मी तसं सांगितलं. त्यापुढं रोल संपेपर्यंत जांभळट काळ्या चौकटी होत्या. स्लाइडमध्ये न काढलेला फोटो काळा येतो. त्या माणसानं तो रिकामा काठ टिपला आणि पुन्हा बटण दाबलंच नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं बराच वेळ दुकानात बसलो. मग दादा सांगू लागले. सुजाता गेल्यानंतर काही दिवसांनी मृणालचे वडील दुकानात आले होते. रोल आणला नव्हता. काचेवरचा फोटो बघत बाहेरच उभे राहिले. दादा म्हणाले, आत या की, चहा घ्या. ते आत आले नाहीत. स्कूटरला किक मारून गेले आणि त्यानंतर कधी आले नाहीत. "मला वाटलं, दुसरीकडं धुवायला लागले," दादा म्हणाले. "एवढ्या जवळ उभे होते ते. काचेच्या पलीकडं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "दुकानात बघितलेले, वळखीचे वाटले असतील तिला ते. एक हाक मारायची की मग... नुसतं 'ओ बाई' म्हणलं असतं तरी..."

वहिनींना काळजी होती ती मृणालची. तिला काय सांगायचं? रोल खराब निघाला म्हणून सांगावं, असं मलाही वाटत होतं. पण ती आली तेव्हा दादांनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, काहीही न वाढवता. मृणालनं विचारलं, "बाबांनी... काही केलं का?"

"त्यांनी फोटो काढला," दादा म्हणाले. "एवढंच दिसतंय, पोरी. त्याच्या म्होरलं मला दिसत न्हाय, तुला पण दिसत न्हाय."

ती बैलगाड्यांच्या आणि पोरींच्या स्लाइड घेऊन गेली. नदीच्या दादांपाशी राहिल्या. त्यांनी त्या कापून प्लास्टिकच्या चौकटींत बसवल्या, दहाबारा असतील, आणि एका डबीत ठेवल्या.

यानंतर जे झालं ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. मी दुपारी गेले की दादा डबीतून हाताला येईल ती एक स्लाइड काढून मला देत आणि विचारत, "आता कुठवर आली?" मी पेटीवर धरून सांगे. पहिल्या दिवशी ती लांब, उताराच्या वर होती. दुसऱ्या खेपेला उताराच्या मध्यावर. मग बाभळीच्या अलीकडं. मग बाभळीपाशी. चार-पाच खेपा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ती मागं कधीच जात नाही. दादांना दिसत नव्हतं. चौकटींवर काही खूण केली आहे का, म्हणून मी बोटं फिरवून बघितलं. मला काही लागलं नाही. एकदा ते हात धुवायला गेले असताना मी डबीतल्या स्लाइड पत्त्यांसारख्या पिसून ठेवल्या. त्यांनी आल्यावर हात घातला, एक काढली. ती बाभळ ओलांडून पुढं आली होती.

माझं आयुष्य फिल्मवरच्या सावल्या वाचण्यात गेलं आहे. त्या हलत नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. दादांची बोटं आपल्यापेक्षा तयार होती, एखादा ओरखडा त्यांना लागत असेल, असंच मी स्वतःला सांगत होते. तरी दुकानाच्या पायरीशी आले की मी उगीच थांबून पर्स चाचपायचे. एकदा वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आत दार लावून बोलत बसतात ओ. काम काय नसतं. मी इचारलं, कुणाशी बोलताय? तर म्हणले, हाक मारतोय."

दादा मात्र शांत होते, कधी नव्हते इतके. जेवण नीट करत, माझ्या गुडघ्यांची चौकशी करत. एका दुपारी म्हणाले, "ताई, मी गेलो तर मला त्या काठाला न्या. त्या मृणालला जागा म्हाईत असंल." मी म्हटलं, असं बोलू नका. ते म्हणाले, "वाईट काय हाय त्यात? कुठं शोधायचं ते तरी कळलं."

मग तो दिवस आला. त्यांनी दिलेल्या स्लाइडमध्ये ती अगदी जवळ होती, थांबलेली, माझ्याकडं बघत. मी सांगितलं, "आली. समोर उभी आहे." दादांनी मान हलवली. पुढं कोणती स्लाइड उरली आहे ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक असणार. "उद्या येताय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकात मी उगीच वेळ काढत राहिले. ओटा पुसत होते तेव्हा वहिनींचा फोन आला.

त्या दुपारी दुकानात शिरल्याबरोबर मला जे दिसलं ते मी वर लिहिलं नाही. बाहेरच्या टेबलावरची उजेडाची पेटी चालू होती. ज्या माणसाला उजेडाचा काही उपयोग नव्हता त्यानं ती लावली होती. तिच्यावर एकच स्लाइड होती, रिकाम्या नदीकाठाची. वहिनींनी तिला हात लावलेला नव्हता. मी पेटीचं बटण बंद केलं आणि मगच आत गेले.

मृणालला कळवलं तेव्हा तीच म्हणाली, गाडी घेऊन येते. आम्ही तिघी अस्थी घेऊन निघालो. उसाचा हंगाम संपत आला होता, ट्रॅक्टरमागून गाडी हळूहळू चालली होती. जागा मृणालला लगेच सापडली, लहानपणी वडिलांबरोबर ती तिथं यायची. नदीला धरणाचं सोडलेलं पाणी होतं. बाभळ आता नव्हती. पायवाट होती. मी पर्समधून ती रिकाम्या काठाची स्लाइड काढली आणि आभाळासमोर धरून मागंपुढं सरकत राहिले, काठाची वळणं एकमेकांवर बसेपर्यंत. बसली तेव्हा मृणाल माझ्या शेजारीच होती. तिला न सांगता कळलं की तिचे वडील इथं उभे होते.

वहिनी एकट्याच खाली गेल्या. चपला काढून त्यांनी हातात घेतल्या. खाली चिखल होता. पाण्याशी पोचल्यावर चपला काठावर ठेवून त्या पाण्यात उतरल्या. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. त्रिशरण म्हणत होत्या, शब्द वाऱ्यानं तुटक येत होते. अस्थी सोडल्या. मडकं सोडलं. आता वळतील, असं मला वाटलं. त्या वळल्या नाहीत. पाण्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि मग आणखी एक पाऊल पुढं टाकलं. माझ्या हातात अजून ती स्लाइड होती. मी तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघाला नाही. पाय जिथं होते तिथंच राहिले. हे असंच झालं असेल, एवढंच डोक्यात आलं. वाईट मनानं कुणी गप्प राहिलं नसेल. असंच, बघता बघता...

"काकू." मृणालची हाक माझ्या कानाशीच आली. वहिनी हलल्या नाहीत. "काकू, बास. मागं फिरा." आणि मग ती थांबलीच नाही. उतारावरून धावत, घसरत, बुटांसकट पाण्यात गेली आणि तिनं वहिनींचा दंड धरला.

मी खाली पोचले तेव्हा दोघी काठावर आल्या होत्या. वहिनी तिच्या तोंडाकडं बघत होत्या. "मी काय जात नव्हते गं," त्या म्हणाल्या. "पण हाक मारलीस ते बरं केलंस." मृणालनं दंड सोडला नाही. परतीच्या वाटेवर गाडी मला चालवावी लागली. त्या दोघी मागं बसल्या होत्या, ओल्या, एकमेकींना टेकून.

दुकान अजून आहे. वहिनी आठवड्यातून दोनदा शटर उघडतात, केर काढतात. टाक्या धुऊन पालथ्या घातल्या आहेत, बाटल्या रिकाम्या केल्या आहेत. आतल्या खोलीत जायचं तर पूर्वी आधी सांगावं लागे, म्हणजे झाकण लागायच्या आत कुणी दार उघडायला नको. वहिनी अजूनही दाराशी थांबतात आणि म्हणतात, "मी येतीय ओ." मग थोडा वेळ तशाच उभ्या राहतात. आत टाकीचं झाकण लागायला जेवढा वेळ लागेल, साधारण तेवढाच. काल मी त्यांच्या मागं उभी होते. त्यांनी कडीला हात घातला, पण उघडली नाही. मानेनंच मला 'थांबा' म्हणाल्या, आणि आम्ही दोघी थांबलो.